मूल प्रणालीतील भाषा : फ्रीबीएसडी व पर्ल

संगणकाच्या परिचालन प्रणालीतच अंतर्भूत करून दिलेल्या आज्ञावली-भाषेला दोन धनी असतात. प्रणालीची स्वतःची काही कामे त्या भाषेतील आज्ञावल्यांवर चालतात आणि प्रणाली वापरणारे लोकही तीच भाषा आपल्या कामांसाठी योजतात. पहिल्यास स्थैर्य हवे असते, दुसऱ्यास नवी आवृत्ती. फ्रीबीएसडी या प्रणालीतील पर्ल भाषेचा इतिहास हे या पेचाचे बोलके उदाहरण होय.

पर्ल ही भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसृत केली. मजकुरातून हवा तो भाग वेचणे, अहवाल तयार करणे ही कामे तीत थोड्या ओळींत साधत असल्याने युनिक्स प्रणाल्यांच्या व्यवस्थापकांत ती लवकरच रूढ झाली. बर्कली येथील युनिक्सच्या परंपरेतील फ्रीबीएसडीची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये निघाली. तीत प्रणालीचा गाभा आणि नित्याच्या आज्ञा यांची संहिता एकत्र ठेवून एकाच वेळी बांधली जाते. हीच ‘मूल प्रणाली’. बाकीची सामग्री ‘पोर्ट्स’ या निराळ्या संग्रहातून घ्यावयाची असते. पर्लला स्थान मिळाले ते मूल प्रणालीत. नव्या वापरकर्त्याचे खाते उघडणारी ‘ॲडयूजर’ ही आज्ञासुद्धा पर्लमध्येच लिहिलेली होती.

पर्ल ५ ही आवृत्ती ऑक्टोबर १९९४ मध्ये आली. मूल प्रणालीत मात्र ती फ्रीबीएसडी ३.० बरोबर, म्हणजे १९९८ मध्ये पोहोचली. तोवर तेथे पर्ल ४ च होती. विलंब अगदीच निष्कारण नव्हता. दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिलेला साधा ई-मेल पत्ता पर्ल ४ मध्ये निमूट चाले. पर्ल ५ मध्ये त्यातील ‘@’ हे चिन्ह सूचिनामाचा आरंभ समजले जाई व आज्ञावली अडून बसे. फ्रीबीएसडी ४.० मार्च २००० मध्ये निघाली तेव्हा तिच्यात पर्ल ५.००५ होती. त्याच महिन्यात पर्ल ५.६ प्रसिद्ध झाली, २००२ मध्ये ५.८, पण स्थिर शाखेत मोठे बदल करावयाचे नाहीत या दंडकामुळे जानेवारी २००५ मधील ४.११ पर्यंत तीच जुनी पर्ल राहिली. नवी हवी असणारे ती पोर्ट्समधून घेत. मग एकाच यंत्रावर दोन पर्ल नांदत, एकीसाठी बसविलेली मॉड्यूले दुसरीला सापडत नसत आणि ‘पर्ल’ म्हणजे कोणती हे ठरविण्यासाठी ‘यूज.पर्ल’ नावाची स्वतंत्र आज्ञा वापरावी लागे.

विकासशाखेत नवी पर्ल आणण्याचा यत्न झाला, परंतु अडचण बांधणीची होती. पर्लची स्वतःची बांधणीपद्धती ज्या यंत्रावर काम चालू आहे त्याचीच चाचपणी करते. प्रथम एक छोटी पर्ल तयार होते व ती उरलेले काम करते. एका प्रकारच्या यंत्रावर दुसऱ्या प्रकारच्या यंत्रासाठी प्रणाली बांधताना हा क्रम मोडतो, कारण लक्ष्य-यंत्रासाठी बनलेली पर्ल बांधणाऱ्या यंत्रावर चालतच नाही. स्पार्क ६४ व आयए ६४ ही नवी यंत्रे त्या सुमारास पुढे उभी होतीच. अखेर मे २००२ मध्ये पर्ल मूल प्रणालीतून काढण्यात आली. तीत लिहिलेल्या आज्ञा सी वा शेलमध्ये पुन्हा लिहाव्या लागल्या. हे श्रम आधीच्या सोयीची किंमतच म्हणावे लागतील. जानेवारी २००३ मधील ५.० पासून पर्ल केवळ पोर्ट्समधून मिळू लागली.

ओपनबीएसडीने मात्र पर्ल राखली. तिची पॅकेजे बसविणारी साधनेही पर्लमध्येच आहेत. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढण्याच्या तिच्या प्रघातामुळे जुनी पर्ल फार काळ रेंगाळत नाही. दीर्घायुषी शाखा राखणाऱ्या फ्रीबीएसडीला ही सवड नव्हती.

फ्रीबीएसडीत पुढे लुआ ही लहान भाषा आली : १२.० (२०१८) मध्ये प्रणाली सुरू करणाऱ्या आज्ञावलीत फोर्थच्या जागी, आणि १३.० (२०२१) मध्ये मूल प्रणालीच्या कामांसाठी ‘एफलुआ’ या नावाने. ही एफलुआ सर्वसाधारण आज्ञांच्या निर्देशिकेत ठेवलेली नाही. वापरकर्त्यास लुआ हवी असल्यास ती त्याने पोर्ट्समधून वेगळी घ्यावयाची असते.