'शेक' कोठे द्यायचा नाही, याचा इतिहास

(१) जळगाव-धुळ्याकडची वडीलधारी माणसे कर्करोगावरील किरणोपचाराला आजही 'शेक' म्हणतात. दुखऱ्या भागावर फडक्याचा शेक द्यावा, तो आजूबाजूलाही पसरावा, असे काहीसे चित्र त्या शब्दात आहे. वास्तविक या उपचाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास उलट दिशेने चालला आहे. किरण कोठे पोहोचू नयेत, हाच त्यातला मुख्य प्रश्न. विशेषतः रोग डोक्यात असेल तेव्हा. 🧵

(२) ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे रोंटगेन यांना क्ष-किरण सापडले. वर्षभरातच त्यांचा उपचारासाठी वापर सुरू झाला. धोका मात्र कोणालाच ठाऊक नव्हता. एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांवर काम करता करता हात गमावून बसला आणि १९०४ मध्ये मरण पावला. जो किरण रोगट पेशी मारतो, तो निरोगी पेशीही मारतो, हा धडा अशा किमतीने मिळाला.

(३) पहिला तोडगा निघाला तो वेळेच्या हिशेबातून. पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेने त्वचा होरपळे. तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली, की त्वचा टिके आणि हेतूही साधे. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी १९२० च्या दशकात स्वरयंत्राच्या कर्करोगावर हीच रीत वापरली. आज रुग्णाला रोज थोडे थोडे किरण कित्येक आठवडे घ्यावे लागतात, त्याचे मूळ येथे आहे.

(४) दुसरा तोडगा दिशेचा. स्वीडनचे शल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये कल्पना मांडली : अनेक दिशांनी क्षीण किरण सोडावेत आणि ते सारे एकाच बिंदूवर मिळावेत. वाटेतल्या मेंदूला अल्प मात्रा, लक्ष्याला पूर्ण. पण मऊ मेंदूतली गाठ नेमकी दिसावी कशी? ते १९७१ नंतर, सीटी स्कॅन आल्यावर शक्य झाले. मग गाठीच्या आकाराबरहुकूम किरणांची कड कापण्याचे तंत्र विकसित होत गेले.

(५) आता मुंबईकडे वळू. मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही निवर्तले. त्यांच्या न्यासाने उभारलेले टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा खात्याकडे आले. खानदेशात 'टाटाला नेले' एवढे दोन शब्द ऐकले, तरी रोग कोणता हे सांगावे लागत नाही.

(६) याच रुग्णालयात एक अवघड प्रश्न हाती घेतला गेला. लहान मुलांच्या मेंदूतील काही गाठी सौम्य किंवा मंद वाढणाऱ्या असतात. उपचारानंतर ही मुले दीर्घकाळ जगतात. पण कशी? किरणांनी बुद्धीची वाढ मंदावू शकते. पीयूषिका ग्रंथीला झळ लागली, तर उंची खुंटते, वयात येणे लांबते. मूल वाचले, त्याची शाळा, त्याचे पुढले आयुष्य वाचले का?

(७) २००६ मध्ये डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी २८ तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डाव्या कानशिलाआडच्या मेंदूचा, म्हणजे टेम्पोरल लोबचा, १३ टक्क्यांहून अधिक भाग ४३.२ ग्रे या मात्रेपलीकडे गेला, त्या रुग्णांचा बुद्ध्यंक लक्षणीय घसरला होता. किती भाग वाचवायचा, याला प्रथमच एक आकडा मिळू लागला.

(८) मोठी कसोटी त्याआधीच सुरू झाली होती. एप्रिल २००१ ते मार्च २०१२ या काळात ३ ते २५ वर्षे वयाचे २०० रुग्ण तीत सहभागी झाले. कोणाला जुनी पद्धत आणि कोणाला गाठीच्या आकाराला बेतलेली नवी 'स्टिरिओटॅक्टिक' पद्धत, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरले. दोन्ही गटांना मात्रा सारखीच : ५४ ग्रे, ३० बैठका, सहा आठवडे.

(९) नवे तंत्र अधिक चांगले असणार हे उघड दिसत असताना चिठ्ठ्या कशाला? कारण उघड दिसणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. किरणांची कड आवळून घेतली आणि गाठीचा काठ बाहेर राहिला, तर रोग परत येईल, ही शंका खरी होती. बुद्धी वाचवताना जीव गमावला, तर काय मिळवले?

(१०) निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. नव्या पद्धतीच्या गटात पाच वर्षांपर्यंत बुद्ध्यंक अधिक चांगला टिकला. संप्रेरकांचे नवे बिघाड जुन्या गटात ५१ टक्के, तर नव्या गटात ३१ टक्के. जगण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक नव्हता. कड आवळल्याने जीव धोक्यात आला नाही.

(११) खानदेशाला याहून जवळचा आहे तंबाखूमुळे होणारा तोंड-घशाचा कर्करोग. तेथे जपायच्या असतात लाळग्रंथी. त्या करपल्या, की कळण्याच्या भाकरीचा घास पाण्यावाचून उतरत नाही. २०१२ मध्ये टाटा केंद्रातूनच ६० रुग्णांचा अभ्यास आला. लाळग्रंथींचा मध्यम वा तीव्र त्रास जुन्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्क्यांना झाला, तर किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या आयएमआरटी पद्धतीत ५९ टक्क्यांना. त्रास संपला नाही; कमी झाला.

(१२) २०२३ मध्ये टाटा केंद्राच्या खारघर संकुलात प्रोटॉन उपचार सुरू झाले. प्रोटॉनचा झोत ठरल्या खोलीवर थांबतो. गाठीपलीकडच्या मेंदूला जवळजवळ काहीच मिळत नाही. पण ३० बैठका म्हणजे सहा आठवडे मुंबईत मुक्काम. चाळीसगाव किंवा अमळनेरच्या शेतकऱ्याला त्यासाठी हंगाम सोडावा लागतो, मुलाबरोबर आईलाही घर सोडावे लागते. किरणांची कड मिलिमीटरपर्यंत आली; परळ आणि जळगाव यांतले चारशेहून अधिक किलोमीटर मात्र तेवढेच आहेत. या इतिहासाचे पुढले प्रकरण त्या अंतराचे असायला हवे.

॥ समाप्त ॥