चव्हाट्यावरचें नांव



चार वाटा जेथें मिळतात तो चव्हाटा. एखाद्याचा दोष गांवासमोर मांडावयाचा तर तो तेथें मांडावा, यावरून ‘चव्हाट्यावर आणणें’ हा वाक्प्रचार रूढ झाला. आज हा चव्हाटा माणसाच्या खिशांत येऊन बसला आहे. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर सायंकाळीं कोणाचें तरी नांव लिहिलें जातें, आणि सकाळपर्यंत परगांवच्या अनोळखी लोकांनीं त्याचा निवाडा करून टाकलेला असतो. साधन नवें आहे खरें. परंतु रीत जुनी आहे, आणि तिच्या इतिहासांतील कांहीं प्रसंग आज आपणांपुढें ठेवावयाचे आहेत.

पहिला प्रसंग आख्यायिकेंतला. हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरेनें मानलें जातें. एकदां संतमंडळी जमली असतां मुक्ताबाईंच्या सूचनेवरून गोरोबाकाकांनीं हातीं थापटणें घेतलें, आणि कुंभार मडकें पारखतो तसें एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें. बाकीचे मुकाट्यानें बसले. नामदेव तेवढे रागावले. गोरोबांनीं भर मंडळींत सांगितलें कीं, हें मडकें कच्चें आहे. प्रत्यक्ष पांडुरंगाशीं ज्याचें बोलणें चालतें अशी ज्याची ख्याति, त्याला हा केवढा अपमान! पुढें नामदेव औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे गेले व त्यांनीं गुरूपदेश घेतला. आख्यायिकेला कागदोपत्रीं पुरावा मागूं नये. पण आमच्या लोकांनीं ती शतकानुशतकें सांगितली, यावरून उघड दोष दाखविण्याची त्यांची कल्पना काय होती तें कळतें. दोष सांगणारा तेथेंच बसलेला, ऐकणाराहि तेथेंच, त्याला रागावण्याची मोकळीक, आणि पुढें औंढ्याची वाट उघडी. त्याच औंढ्यास नामदेवांना देवळापुढून हटविण्यांत आलें तेव्हां ते मागें जाऊन कीर्तन करूं लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशीहि कथा आहे. हटविणाऱ्यांना लोकस्मृतीनें दिलेलें हें उत्तर कांहीं साधें नव्हे.

आतां पुण्यास येऊं. येथें आख्यायिका नाहीं, छापील कागद आहे. ऑक्टोबर 1890 मध्यें पंचहौद मिशनमध्यें शहरांतील कित्येक प्रतिष्ठित गृहस्थांना व्याख्यानास बोलाविलें होतें. व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातीं धरून तसाच खालीं ठेविला. न्यायमूर्ति रानडे तेथें होते, आणि पुढें लोकमान्य झालेले टिळकहि होते. एरवीं या दोघांनीं एका यादींत सांपडणें कठीणच! हा योग जुळवून आणण्यांत पुढाकार गोपाळराव जोशी यांचा. हे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति. सुधारक बोलतात एक आणि वागतात एक, हें जगाला दाखविण्याची त्यांना मोठी हौस. त्यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्राकडे धाडलीं व तीं छापून आलीं.

मग ग्रामण्य उभें राहिलें. हा शब्द आज कोशांतच आढळतो. धर्मबाह्य कृत्याचा आरोप, त्यावर जातींतील वाद, आणि अखेर बहिष्कार किंवा प्रायश्चित्त, असा हा सारा खटाटोप. सनातनी पक्षाचे पुढारी सरदार बाळासाहेब नातू. प्रकरण शंकराचार्यांकडे गेलें, त्यांनीं शास्त्र्यांचें कमिशन नेमलें, आणि 1892 मध्यें चौकशी झाली. टिळकांनीं धर्मशास्त्राच्या आधारें आपली बाजू लढविली व काशीस घेतलेल्या प्रायश्चित्ताचा दाखला पुढें केला. रानड्यांनीं त्याच वर्षीं आपल्या स्नेह्यांबरोबर प्रायश्चित्त घेतलें, आणि सुधारकांचा रोषहि ओढवून घेतला. त्या दिवसांचें दुःख रमाबाई रानडे यांनीं 1910 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत नोंदविलें आहे.

मला त्या प्रकरणांत चहापेक्षां ती यादी महत्त्वाची वाटते. कोणी प्यालें आणि कोणी नुसता पेला धरला, हा भेद कमिशनपुढें काथ्याकूट करून काढावा लागला; पेठांतून मात्र यादींत नांव आलें एवढेंच पुरे होतें. आणि शिक्षा त्या गृहस्थांपुरती राहिली नाहीं. बहिष्कार म्हटला कीं श्राद्धाला भिक्षुक मिळणें कठीण, आणि सासरीं असलेल्या लेकीचें माहेर तुटण्याची भीति. तिनें काय चहा घेतला होता?

यावरून नांव छापणें मुळांतच वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. या प्रकरणाच्या आठच वर्षें आधीं ‘केसरी’ आणि ‘मराठा’ पत्रांनीं कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांचें नांव असेंच चव्हाट्यावर आणलें होतें. तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांचा छळ होत आहे, असा आरोप होता. बर्व्यांनीं बेअब्रूची फिर्याद केली. ज्या पत्रांवर आरोप उभा होता तीं बनावट ठरलीं. आगरकर व टिळकांनीं दिलगिरी व्यक्त केली. तरीहि चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि 1882 मध्यें दोघांनीं डोंगरीच्या तुरुंगांत 101 दिवस काढले. पुढच्याच वर्षीं, 25 डिसेंबर 1883 रोजीं, अहमदनगरच्या किल्ल्यांत पहारेकऱ्याशीं झालेल्या झटापटींत महाराजांचा अंत झाला. म्हणजे लोकांची शंका अगदींच वाऱ्यावरची नव्हती, पण पुरावा खोटा होता, आणि खोट्या पुराव्याची किंमत आरोप करणारांनीं स्वतः मोजली. मोजतां आली, कारण त्यांचें नांव व ठिकाण सर्वांना ठाऊक होतें.

आजच्या चव्हाट्यावर नेमकें हेंच अंग लंगडें आहे. नोव्हेंबर 2012 मध्यें बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पालघरच्या एका तरुणीनें फेसबुकवर बंदविषयीं चार ओळी लिहिल्या, दुसरीनें त्यांना पसंती दिली. जमावानें एकीच्या नातलगाच्या रुग्णालयाची मोडतोड केली, आणि अटक झाली ती या मुलींना. पुढें देशांतील ज्या खटल्यांत या अटकेचा दाखला निघाला, त्यांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयानें 24 मार्च 2015 रोजीं रद्द केलें.

वाळीत टाकण्याविरुद्ध मुंबई राज्यानें 1949 सालीं कायदा केला होता. हिंगोली तेव्हां हैदराबाद राज्यांत, म्हणून तिकडे तो नव्हता. 1962 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा नवा कायदा 2016 चा, अंमलांत आला जुलै 2017 मध्यें, आणि त्यांत तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. नरसीच्या एखाद्या कुटुंबाचें पाणी किंवा किराणा गांवकीनें तोडला, तर फिर्यादीला पंचांचीं नांवें सांगतां येतात. पण त्याच कुटुंबाचें चित्र रातोरात हजार ठिकाणीं फिरलें, आणि त्याखालीं निवाडा देणारांनीं टोपणनांवें घेतलीं, तर ठाण्यांतील फौजदारानें आरोपीच्या रकान्यांत काय लिहावें?