पानाची पाठ

वसईचा इतिहास लिहिणारे किल्ल्यापासून आरंभ करतात, आणि त्यात अस्वाभाविक काही नाही; गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ साली हा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला, १७३९ साली मराठी फौजांनी चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली तो जिंकला, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने येथेच इंग्रजांशी तह केला. परंतु अंमल कोणाचाही असो, पश्चिमेच्या रेताड पट्टीतील आगरे मात्र केळी, ऊस आणि विड्याचे पान यांवर पोसली गेली, आणि या तिन्ही पिकांची तहान अखेर पानांवरील सूक्ष्म छिद्रांपाशी, म्हणजे पर्णरंध्रांपाशी, येऊन ठेपते.

ही रंध्रे सर्व वनस्पतींना सारख्या रीतीने वाटलेली नाहीत. नागवेलीचे पान ती केवळ पाठीवर बाळगते. केळीला ती दोन्ही अंगांना असतात, तरी पाठीवर कितीतरी अधिक. उभ्या पात्याच्या भाताला आणि उसाला दोन्हीकडे. बावखलात, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्यात, तरंगणाऱ्या कमळपत्राने हा क्रम साफ उलटा केला आहे, कारण पाठ पाण्याला टेकली असता श्वासाची वाट वरूनच ठेवावी लागते. खाडीच्या चिखलातील तिवराची रंध्रे पानाच्या पांढुरक्या पाठीवर, लवेच्या आड असतात, आणि नको असलेले मीठ ते झाड पानांतील निराळ्या ग्रंथींतून बाहेर टाकते.

अर्न्स्ट श्टाल या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली हा भेद डोळ्यांना दिसेल अशी युक्ती योजली. कोबाल्टच्या क्षारात भिजवून कडकडीत वाळवलेला कागद निळा असतो आणि ओल लागताच गुलाबी होतो. ताज्या खुडलेल्या विड्याच्या पानाच्या दोन्ही अंगांस असे कागद लावून ते काचांमध्ये दाबले, तर पाठीकडचा कागद पाहता पाहता गुलाबी होतो आणि वरचा बराच वेळ निळाच राहतो.

वसईच्या माळ्याला हा कागद ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तथापि त्याची सारी व्यवस्था याच हिशेबाने चालली होती. पानवेल शेवरी-पांगाऱ्याच्या सावलीत चढवावयाची, वारा अडवावयाचा, मळ्यातली हवा दमट राखावयाची, आणि खुडलेल्या कवळ्यांवर पाणी शिंपडून त्या करंडीत झाकावयाच्या. यांतील प्रत्येक क्रिया पानाच्या पाठीतून निसटणारे पाणी रोखण्यासाठीच होती. पाण्याचा पुरवठा विहिरीवरील रहाट करीत असे, आणि विहिरींना गोडे पाणी मिळे ते बावखलांच्या कृपेने, कारण पावसाचे पाणी त्यांत साठून रेतीत झिरपत राही आणि समुद्राचे खारेपण दूर लोटी. जमाबंदीच्या कारकुनाने विहिरी मोजल्या, बागायत आणि जिरायत निराळी दाखवली. बावखलाचे मोल मात्र, माझ्या मते, कोणत्याच दप्तरास उमगले नाही.

१८६७ साली विरारहून मुंबईपर्यंत लोकल धावू लागली आणि मुंबईची बाजारपेठ जवळ आली. आगाशीच्या राजेळी केळ्यांची सुकेळी तर तेव्हाही नावाजलेली होती. पुढे रहाट जाऊन पंप आले, वाढत्या वस्तीसाठी बागायतीच्या विहिरींतील पाणी टँकरने विकले जाऊ लागले, आणि उपशाच्या मागोमाग खारेपण आत शिरले. मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशी ढिल्या पडतात आणि दार मिटते. त्याच दारातून कर्बवायू आत यावयाचा असल्यामुळे पानाचे अन्नही थांबते. फळासाठी लावलेले झाड एखादा हंगाम कसाबसा निभावून नेते, परंतु ज्या वेलीचे पानच विकावयाचे तिला ही सवलत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या चळवळीने हा उपसा सार्वजनिक प्रश्न केला, हे तिचे श्रेय मान्य करावयास हवे. तरीही भराव पडून बावखले बुजत गेली आणि त्यांच्याबरोबर पानमळेही आटले.

ज्यांच्या वाडीत अजून बावखल शाबूत आहे त्यांनी ते बुजवू देऊ नये. नव्या विहिरीस परवाना मिळतो, पण गोडे पाणी परवान्याने मिळत नाही.