केप ऑफ गुड होप : आफ्रिकेचे टोक नसलेले भूशिर

तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर २०२३ च्या अखेरीस मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालव्याचा मार्ग सोडला आणि दक्षिण आफ्रिकेच्या नैऋत्य कोपऱ्यातील एक जुने नाव पुन्हा व्यापारवार्तांमध्ये दिसू लागले. भारत आणि युरोप यांच्यातील माल पुन्हा केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागला. पाचशेहून अधिक वर्षे भारताच्या इतिहासाशी जोडलेल्या या भूशिराविषयी दोन गैरसमज मात्र कायम आहेत. ते आफ्रिका खंडाचे दक्षिण टोक आहे, हा पहिला. अटलांटिक आणि हिंदी महासागर तेथेच एकमेकांना मिळतात, हा दुसरा.

खंडाचे खरे दक्षिण टोक केप अगुल्हास हे आहे. ते केप ऑफ गुड होपपासून सुमारे १५० किलोमीटर आग्नेयेस असून दोन महासागरांची सर्वमान्य सीमाही तेथूनच जाणाऱ्या २० अंश पूर्व रेखावृत्तावर मानली जाते. केप ऑफ गुड होपचे महत्त्व वेगळे आहे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे आलेल्या जहाजाला येथून पुढे पूर्वेकडे वळता येते. खलाशांसाठी नकाशावरील टोकापेक्षा ही वळण्याची जागा अधिक मोलाची होती.

केपटाऊनमधील टेबल माउंटनपासून दक्षिणेकडे सुमारे ५० किलोमीटर लांबीचा अरुंद, डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात शिरला आहे. त्याच्या शेवटी जमीन दोन कड्यांमध्ये विभागते. पश्चिमेकडील ठेंगणे, खडकाळ टोक म्हणजे केप ऑफ गुड होप आणि त्याच्या पूर्वेस जेमतेम दोन किलोमीटरवरील उंच सुळका म्हणजे केप पॉइंट. केप पॉइंटचे वालुकाश्माचे कडे समुद्रातून २०० मीटरहून अधिक उंच उभे आहेत. पर्यटक ज्या कड्यावरून खाली पाहतात तो बहुधा केप पॉइंट असतो आणि ज्या फलकाशेजारी छायाचित्र काढतात तो केप ऑफ गुड होपचा असतो.

या द्वीपकल्पाच्या दोन बाजूंचा समुद्र एकसारखा नाही. हिंदी महासागरातून येणारा उष्ण अगुल्हास प्रवाह खंडाच्या दक्षिणेला येऊन पुन्हा पूर्वेकडे मागे वळतो, तर पश्चिम किनाऱ्याने थंड बेंग्वेला प्रवाह उत्तरेकडे वाहतो. त्यामुळे पूर्वेकडील फॉल्स बे या उपसागराचे पाणी पश्चिमेच्या पाण्यापेक्षा काही अंशांनी उबदार असते. ‘फसवा उपसागर’ हे नावही खलाशांच्या चुकीतून आले. पूर्वेकडून परतणारी जहाजे उपसागराच्या पलीकडच्या केप हँगक्लिपलाच केप पॉइंट समजून उत्तरेकडे वळत आणि मोकळ्या अटलांटिकऐवजी या उपसागरात अडकत.

बार्थोलोम्यू डायस या पोर्तुगीज दर्यावर्दीने हे भूशिर प्रथम ओलांडले, तेव्हा ते त्याच्या दृष्टीस पडलेच नाही. जानेवारी १४८८ मध्ये वादळामुळे त्याची जहाजे किनाऱ्यापासून दूर गेली. फेब्रुवारीत आजच्या मोसेल बेजवळ किनारा दिसला, तेव्हा खंडाचे टोक मागे पडले होते. परतीच्या प्रवासात त्याला हे भूशिर दिसले. त्याने ‘वादळांचे भूशिर’ असे नाव दिले आणि भारताचा मार्ग खुला होणार या आशेने राजा दुसरा जॉन याने ते बदलून ‘शुभ आशेचे भूशिर’ केले, अशी प्रसिद्ध कथा आहे. दुसऱ्या एका पोर्तुगीज नोंदीनुसार मात्र आशेचे नावही डायसनेच दिले. मे १५०० मध्ये काब्रालच्या भारताकडे निघालेल्या ताफ्यातील चार जहाजे दक्षिण अटलांटिकमधील वादळात बुडाली. त्यांपैकी एकावर डायस होता. तत्पूर्वी, नोव्हेंबर १४९७ मध्ये वास्को द गामाने हे वळण पार केले होते आणि मे १४९८ मध्ये तो कालिकतला पोहोचला होता.

या मार्गाचा सर्वांत बोलका अध्याय कोकण किनाऱ्यावर सुरू होतो. पोर्तुगीज भारताचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याचा मुलगा लॉरेन्सो मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत इजिप्त आणि दीवच्या संयुक्त आरमाराकडून मारला गेला. सूडासाठी उत्तरेकडे निघालेल्या अल्मेडाने त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस आदिलशाहीतील संपन्न बंदर दाभोळ जाळून बेचिराख केले. तेथील कत्तलीत स्त्रिया आणि मुलांनाही सोडले गेले नाही. फेब्रुवारी १५०९ मध्ये त्याने दीवची लढाई जिंकली आणि वर्षअखेरीस अधिकारपद अल्बुकर्ककडे सोपवून तो पोर्तुगालला निघाला.

भूशिर ओलांडल्यावर पाणी भरण्यासाठी त्याची जहाजे उत्तरेकडील टेबल बे येथे थांबली. तेथील खोईखोई हे गुरे पाळणारे लोक. वस्तुविनिमयावरून खलाशांशी त्यांचा खटका उडाला आणि १ मार्च १५१० रोजी अल्मेडाने सुमारे दीडशे माणसांनिशी त्यांच्या वस्तीवर चाल केली. पोर्तुगीज गुरे घेऊन परतत असताना खोईखोईंनी इशाऱ्यावर चालणाऱ्या आपल्याच गुरांचा ढालीसारखा उपयोग करून त्यांना गाठले. दगड आणि भाल्यांनी झालेल्या या हल्ल्यात साठच्या आसपास पोर्तुगीज ठार झाले, त्यांत खुद्द अल्मेडाही होता. दाभोळ जाळणाऱ्या व्हाइसरॉयचा शेवट तोफा नसलेल्या पशुपालकांच्या हातून झाला. त्यानंतर पोर्तुगीज जहाजे टेबल बे शक्यतो टाळू लागली.

डच ईस्ट इंडिया कंपनीने मात्र याच उपसागरात तळ दिला. एप्रिल १६५२ मध्ये यान फान रीबेक तेथे उतरला, तो वसाहत उभारण्यापेक्षा आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस आणि पाणी पुरवण्यासाठी. स्कर्व्हीने खंगलेल्या खलाशांना त्याची नितांत गरज होती. मळ्यांसाठी जमीन हवी होती, ती खोईखोईंची गेली. राबण्यासाठी माणसे हवी होती, ती गुलाम म्हणून आणली गेली. १६५२ ते १८०८ या काळात सुमारे ६३ हजार गुलाम केपला आणले गेले आणि त्यांतील जवळपास एक चतुर्थांश भारतीय उपखंडातील होते, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बंगाल, कोरोमंडल आणि मलबार ही त्यांची मूळ ठिकाणे नावांना जोडली जात. रीबेकच्या घरात गुलाम म्हणून आलेली आणि १६६६ मध्ये मुक्त झालेली अँजेला फान बेंगाले हे त्यांतील ठळक नाव. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा १८६० मध्ये नाताळला गेलेल्या ऊस-मजुरांपासून केली जाते. ती दोन शतके उशिराची आहे. इंग्रजांनी १७९५ मध्ये प्रथम आणि १८०६ मध्ये कायमचा ताबा घेतला. गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली.

इंग्रजांनी केप पॉइंटवर १८६० मध्ये सुरू केलेला दीपस्तंभ समुद्रसपाटीपासून जवळपास २४० मीटर उंचीवर होता. उंच जागा म्हणजे दुरून दिसणारा दिवा, हा तर्क येथे चुकला. धुके आणि ढग नेमके त्याच उंचीवर साचत आणि जहाजांना दिवा दिसत नसे. १८ एप्रिल १९११ रोजी ‘लुसितानिया’ हे पोर्तुगीज प्रवासी जहाज जवळच्या बेलोज रॉकवर आदळून बुडाले. बहुतेक प्रवासी वाचले. (१९१५ मध्ये पाणतीराने बुडालेली याच नावाची बोट वेगळी.) त्यानंतर दिवा खाली, ८७ मीटर उंचीवर हलवण्यात आला. तो १९१९ पासून कार्यरत आहे. जुना मनोरा आता केवळ पाहण्यासाठी उरला आहे.

भूशिराचा परिसर १९३९ पासून राखीव असून आज तो टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानात मोडतो. ‘फिनबोस’ या झुडपी वनस्पतींचे हे घर. ठरावीक काळाने वणवा लागला नाही तर त्यांतील अनेक जातींचे बी रुजत नाही. चकमा बबून वानरे मात्र पर्यटकांच्या हातातील खाद्यपदार्थांना सरावली आहेत.

सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला आणि केपचा मार्ग मागे पडला; पण तो संपला नाही. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कालवा आठ वर्षे बंद होता, तेव्हा जहाजे येथूनच जात. २०२३ नंतरच्या वळशाने युरोपचा प्रवास साधारण १० ते १४ दिवसांनी लांबला. समुद्रही बदललेला नाही. जुलै २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात एका महाकाय जहाजावरील ४४ कंटेनर वाहून गेले. त्याच वर्षीच्या हंगामात नाशिकची द्राक्षे शीतकंटेनरमधून न्हावाशेवाहून याच वाटेने युरोपला गेली. वाढलेले भाडे निर्यातदारांनी मोजले. काढणीनंतरचा प्रत्येक दिवस मोजावा लागणाऱ्या या फळाला आणखी दोन आठवडे समुद्रात काढावे लागले.