इम्रान-मालेचा उत्तराधिकार आणि बीड जिल्ह्यातील द्विभाषिक वाचक

एका ग्रंथकाराने अपुरी ठेवलेली कृती दुसऱ्याने पुरी करावी, ही गोष्ट मराठी वाङ्मयाला नवी नाही. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडाच्या ४४व्या अध्यायापाशी थांबले, आणि पुढील रचना त्यांचा शिष्य गावबा याने केली, ही परंपरा सर्वश्रुत आहे. पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या घरी राहिलेला हा मंदबुद्धीचा मुलगा गुरूच्या नावालाच मंत्र मानून अखेर ग्रंथ पूर्ण करतो, अशी सांप्रदायिक कथा आहे. तिचा ऐतिहासिक अंश कितीही असो. दुसऱ्याची लेखणी पुढे चालविण्याचा अधिकार कोठून येतो, ह्या प्रश्नाला त्या काळाने दिलेले उत्तर तीत स्पष्ट दिसते. अधिकार गुरुकृपेने येतो. शिवाय गावबासमोर वाल्मीकीची कथा होती. रावणवध व्हावयाचा, राम अयोध्येस परतावयाचा, हे ठरलेलेच होते. रामकथेची हद्द नव्याने आखण्याचे काम त्याच्यावर पडले नव्हते.

आधुनिक गुप्तहेरकथेच्या मालेत मात्र अशी ठरलेली अखेर नसते. नायक तोच राहतो, प्रकरणे बदलत जातात आणि मूळ लेखक गेला तरी वाचकाची मागणी संपत नाही. इंग्रजीत इयान फ्लेमिंग १९६४ साली वारल्यावर किंग्स्ले एमिस यांनी रॉबर्ट मार्कम ह्या टोपणनावाने १९६८ साली ‘कर्नल सन’ ही जेम्स बाँडची कादंबरी लिहिली. पुढे जॉन गार्डनर, रेमंड बेन्सन, सेबॅस्टियन फॉक्स, अँथनी होरोविट्झ आदींनी ती माला चालविली. तेथे अधिकार फ्लेमिंगच्या वारसांच्या परवान्याने आला. भारतीय उपखंडात ह्याच प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण उर्दूतील इब्ने सफी यांच्या ‘इम्रान-माले’चे आहे. त्याचा विचार बीड जिल्ह्याच्या संदर्भात करण्यास विशेष कारण आहे.

बीड जिल्हा १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील राज्यकारभारात फार्सीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. लोकांची बोली मराठी, देवघरातली पोथी मराठी आणि कचेरी, न्यायालय व वरचे शिक्षण यांची भाषा उर्दू, अशी ही विभागणी होती. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या वास्तव्याने मराठी वाङ्मयात पुण्यक्षेत्र ठरलेले अंबाजोगाई त्या काळी सरकारदफ्तरी मोमिनाबाद म्हणून नोंदले जात असे. स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे चालविलेले शिक्षणकार्य ह्याच विभागणीला दिलेले उत्तर होते. परंतु तिचा एक परिणाम असाही झाला की, ह्या भागातील शिकलेल्या पिढीला, तिचा धर्म कोणताही असो, उर्दू पुस्तक वाचण्यास लिपीची वा भाषेची अडचण उरली नाही. मुंबई-पुण्याकडचा मराठी वाचक बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळा पहाड वाचीत होता, त्याच काळात मराठवाड्यातील वाचकासमोर रहस्यकथेची दुसरीही एक वाट मोकळी होती.

ती वाट अलाहाबादेहून येत होती. असरार अहमद ऊर्फ इब्ने सफी यांचा जन्म १९२८ साली अलाहाबाद जिल्ह्यातील नारा ह्या गावी झाला. अब्बास हुसैनी यांच्या प्रकाशनसंस्थेने १९५२च्या मार्चमध्ये ‘जासूसी दुनिया’ ही माला सुरू केली. ‘दिलेर मुजरिम’ ही तिची पहिली कादंबरी व्हिक्टर गन यांच्या एका इंग्रजी कादंबरीवर आधारलेली होती. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद ही जोडी तिने वाचकांस दिली. त्याच वर्षी इब्ने सफी कराचीस गेले. परंतु अलाहाबादचे प्रकाशन थांबले नाही. लेखक एका देशात आणि पुस्तके दोन देशांत, असा हा व्यवहार होता. १९५५ साली ‘खौफनाक इमारत’पासून इम्रान-माला सुरू झाली. ऑक्सफर्डची डॉक्टरेट मिळविलेला, वरकरणी विदूषकी चाळे करणारा अली इम्रान हाच गुप्तहेरखात्याचा अदृश्य प्रमुख ‘एक्स-टू’ आहे, आणि हे त्याच्या हाताखालच्या जूलियाना, सफदर, तन्वीर ह्यांनाही ठाऊक नाही, ही त्या मालेची मूळ कल्पना होय.

ह्या मालांच्या रचनेतील एका गोष्टीकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही. इम्रानच्या देशाला इब्ने सफी यांनी सहसा नाव दिले नाही. शहर आहे, समुद्र आहे, सचिवालय आहे; पण राष्ट्र निनावी आहे. त्याचा मुख्य शत्रूही कोणी शेजारी देश नाही. ‘झीरोलँड’ ही गुन्हेगारांची कल्पित सत्ता आहे. नकाशावर ती दाखविता येत नाही. फाळणीनंतरच्या दशकात ही योजना साधी नव्हती. कराचीचा वाचक तो देश आपला मानू शके, आणि बीडचा वाचकही. हिंदी आवृत्त्यांत फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश झाला. तरीही कथा ढासळली नाही, ह्याचे कारण हेच. नायकाचे नाव बदलूनही कथा टिकते, कारण तिच्या भूमीला नाव नसते.

उत्तराधिकाराचा प्रश्न लेखकाच्या हयातीतच उभा राहिला. १९६० ते १९६३ ह्या काळात इब्ने सफी यांना गंभीर मानसिक आजार झाला आणि लेखन बंद पडले. मागणी कायम राहिल्याने बाजारात अनुकरणकर्त्यांची गर्दी झाली. त्यांतील कित्येकांनी ‘सफी’ हा शब्द आपल्या टोपणनावात घातला, म्हणजे वेष्टनावरून वाचकाची फसगत व्हावी. प्राचीन मराठी कवितेत मुद्रिकेचे जे स्थान, तेच येथे वेष्टनावरील नावाचे होते. शिष्य गुरूची मुद्रिका धारण करतो तेव्हा तो आपले नाव गुरूच्या नावात विसर्जित करतो. हे अनुकरणकर्ते मूळ नावाचा एक तुकडा तोडून स्वतःस लावीत होते. १९६३ साली इब्ने सफी ‘डेढ मतवाले’ ह्या कादंबरीसह परतले. भारतातील आवृत्तीचे प्रकाशन लालबहादुर शास्त्री यांच्या हस्ते झाले. कादंबरीच्या आरंभी ‘पेशरस’ नावाचे प्रास्ताविक लिहून वाचकांशी थेट बोलण्याची इब्ने सफी यांची प्रथा होती. नायक उसना घेता येतो, प्रसंग उसने घेता येतात. वाचकांशी वर्षानुवर्षे चाललेला हा संवाद मात्र उसना घेता येत नव्हता. खरे आणि खोटे यांतील फरक वाचकाला बहुधा ह्याच पानांवर कळला असावा.

२६ जुलै १९८० रोजी इब्ने सफी यांचे कराचीत निधन झाले. इम्रान-मालेतील ‘आखरी आदमी’ ही कादंबरी त्या वेळी त्यांच्या हातात अपुरी होती. त्यानंतर इम्रान ज्यांच्या लेखणीतून सर्वांत दीर्घकाळ जगला, ते मुलतानचे मजहर कलीम (१९४२–२०१८) होत. व्यवसायाने वकील असलेल्या ह्या लेखकाने इम्रानच्या शेकडो कादंबऱ्या लिहिल्या. त्यांनी इब्ने सफी यांच्या नावाशी साधर्म्य असलेले टोपणनाव घेतले नाही. स्वतःच्याच नावाने ते लिहीत राहिले. ह्या दृष्टीने पूर्वीच्या अनुकरणकर्त्यांपेक्षा त्यांचा व्यवहार सरळ ठरतो. जूलिया, सफदर, तन्वीर, जोसेफ, सुलेमान ही पात्रे त्यांनी कायम ठेवली आणि जवाना, टायगर यांसारखी नवी जोडली. पात्रांच्या हिशेबाने पाहता माला अखंड चालली, असेच म्हणावे लागेल.

बदल झाला तो भूगोलात. मजहर कलीम यांच्या कादंबऱ्यांत इम्रानच्या देशाला ‘पाकेशिया’ हे नाव मिळाले, आणि शत्रुराष्ट्रांमध्ये भारताचे उघड सूचन करणारे ‘काफिरिस्तान’ आले. इब्ने सफी यांनी जी हद्द अस्पष्ट ठेवली होती, ती उत्तराधिकाऱ्याने रेखून टाकली. कराची-लाहोरच्या वाचकाला त्यात काही खटकण्याचे कारण नव्हते. उलट नायक अधिक आपला झाला, असेच त्याला वाटले असेल. परंतु बीड, परभणी वा औरंगाबाद येथील ज्या वाचकाने इम्रानला आपल्याच शहराचा समजून वाचले, त्याच्यासमोर हे उत्तरकालीन पुस्तक आले की त्याची जागा पालटते. काल तो नायकाच्या बाजूचा नागरिक होता. आज पुस्तक त्याला शत्रुराष्ट्राचा रहिवासी ठरविते. इम्रानच्या खोड्या त्याच, जूलियाचा रागही तोच. फक्त वाचकाला आत बसण्यास जागा उरत नाही.

येथे मालेतील एक अंतर्गत योजना उद्बोधक ठरते. इम्रान बाहेर असताना ‘एक्स-टू’चे आसन ब्लॅक झीरो हे नाव धारण करणारा ताहिर सांभाळतो. तोच आवाज काढून तो हुकूम देतो आणि हाताखालच्यांना फरक कळत नाही. म्हणजे आसन एकाचे, बसणारे दोन, ही कल्पना इब्ने सफी यांनीच मालेत रुजविली होती. मात्र ब्लॅक झीरो आवाजाचे अनुकरण करतो. धोरण बदलीत नाही. मालेच्या नव्या लेखकांकडून अपेक्षा करावयाची तर हीच. आवाज उत्तम साधला आणि धोरण बदलले, तर आसन तेच राहूनही सत्ता दुसरी होते.

ह्या दृष्टीने उत्तराधिकाराचे तीन प्रकार वेगळे करता येतात. गावबाचा अधिकार आज्ञेचा आणि कथा ठरलेली. एमिस यांचा अधिकार परवान्याचा, कथा मोकळी, पण नायकाचा देश पहिल्यापासून निश्चित. इम्रानच्या बाबतीत अधिकार लोकप्रियतेचा, कथा मोकळी आणि देशही अनिश्चित. म्हणून येथे उत्तराधिकाऱ्याचे सामर्थ्य सर्वांत मोठे होते, आणि जबाबदारीही. नायक वारशाने मिळतो. त्याचा वाचकवर्ग आपोआप मिळत नाही.

मूळ कादंबऱ्यांना पुढे पुन्हा वाचक लाभले. ‘खौफनाक इमारत’चा बिलाल तन्वीर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०१० साली, तर ‘जासूसी दुनिया’तील चार कादंबऱ्यांचे शम्सुर्रहमान फारूकी यांनी केलेले अनुवाद २०११ साली भारतात प्रसिद्ध झाले. मराठी वाङ्मयेतिहासात मात्र ह्या वाचनाची नोंद नाही. कारण ते मराठी नव्हे, आणि उर्दू वाङ्मयाच्या इतिहासास बीडचा मराठीभाषी वाचक दिसत नाही. दोन्हीकडून वगळलेला हा वाचक मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासाचा खरा साक्षीदार आहे. जिल्ह्यातील जुन्या ग्रंथालयांच्या नोंदवह्यांत इम्रानची पुस्तके आढळल्यास ती केवळ नायकाच्या नावाखाली एकत्र मोजली जाऊ नयेत. कोणते पुस्तक कोणाचे, हे तपासूनच त्यांची वर्गवारी व्हावी. लेखकाचे नाव बदलते तेथे पुष्कळदा वाचकाचा देशही बदललेला असतो, आणि तो बदल नोंदविणे हे इतिहासाचे काम आहे.