स्टॅफायलोकॉकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम: बाळाची त्वचा पोळल्यासारखी का सोलते?

बाळाला चटका लागलेला नसतो, अंगावर गरम पाणीही सांडलेले नसते. तरीही त्वचा लाल होते, पाण्याने भरलेले फोड येतात आणि साल निघू लागते. अशा वेळी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून वाट पाहू नका. नवजात बाळे आणि लहान मुलांमध्ये दिसणारा हा जिवाणूजन्य आजार असू शकतो.

कारण
स्टॅफायलोकॉकस ऑरियस हा जिवाणू नाकात, घशात, डोळ्यांत किंवा बेंबीजवळ वाढतो. त्याचे काही प्रकार विष तयार करतात. हे विष रक्तातून सर्व त्वचेत पोहोचते आणि वरच्या थरातील पेशींना जोडून ठेवणारे प्रथिन तोडते. त्यामुळे पातळ थर सुटून येतो. लहान बाळाची मूत्रपिंडे हे विष लवकर बाहेर टाकू शकत नाहीत आणि त्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही पुरेशी नसते.

लक्षणे
• ताप, किरकिर, दूध नीट न पिणे
• त्वचा लाल होणे. उचलून घेतले की बाळ शांत होण्याऐवजी जास्त रडते
• तोंडाभोवती खपल्या आणि भेगा
• एक-दोन दिवसांत मान, काख व जांघेत फोड. हलके घासले तरी साल निघणे

तोंडाच्या आत सहसा फोड येत नाहीत. तसे आले तर दुसऱ्या आजाराचा विचार करावा लागतो.

घरी काय करावे?
तेलमालिश आणि अंग चोळणे लगेच थांबवा. फोड फोडू नका. हळद, टूथपेस्ट किंवा घरात असलेले स्टिरॉइडचे मलम लावू नका. बाळाला मऊ सुती कापडात अलगद गुंडाळा, अंगावर पाजणे चालू ठेवा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. बाळ सुस्त असेल, गार पडत असेल, दूध पीत नसेल किंवा लघवी कमी झाली असेल, तर थेट रुग्णालय गाठा.

उपचार
बहुतेक बाळांना दाखल करावे लागते. शिरेतून प्रतिजैविके, सलाइन आणि वेदनाशामक औषध देतात. उघड्या त्वचेवर पेट्रोलियम जेली लावतात. सोललेल्या त्वचेतून पाणी आणि ऊब निघून जाते व दुसरा संसर्ग शिरू शकतो, म्हणून देखरेख गरजेची असते.

वेळेवर उपचार मिळाले तर त्वचा साधारण दोन आठवड्यांत भरून येते. फक्त वरचा थर सुटलेला असल्याने सहसा व्रण राहत नाहीत. हा जिवाणू निरोगी माणसांच्या नाकातही असतो, त्यामुळे आईला दोष देऊ नका. बाळाला घेण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत.