स्पेअर पार्ट : पाच सेंट

इथे अमेरिकेत आमच्या टीममध्ये एक रिटायरमेंटला आलेला सहकारी आहे, त्याला जुनी सोडा मशीन दुरुस्त करायचा नाद आहे. (सोडा म्हणजे आपला गोटी सोडा नव्हे, इथे बरेच लोक कोकाकोलाला पण सोडाच म्हणतात.) सध्या त्याच्या गॅरेजमध्ये व्हेंडो ४४ उभं आहे. कॅन्सस सिटीच्या व्हेंडो कंपनीचं, १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. ४४ म्हणजे त्यात मावणाऱ्या बाटल्या. मी शनिवारी तिथे पाने-पक्कड पुढे करायचं काम करतो.

आता लोखंड-रबराचे पार्ट म्हणाल तर ते मिळतात हो. दाराचं रबर, स्टिकर, कुलूप, सगळं नव्याने बनवून विकणारे आहेत. उरलेलं दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढायचं, आपल्याकडे जुन्या स्कूटरसाठी करतात तसंच. गॅसची जरा कटकट. जुना आर-१२ ओझोनपायी १९९६ पासून विकसित देशांत बनत नाही, आणि त्याच्या जागी आर-१३४ए भरावा तर कॉम्प्रेसरमधल्या जुन्या तेलाशी त्याचं जमत नाही. असो. पैसे टाकले की तेही सुटतं.

बाटलीचं तसं नाही. हे मशीन साडेसहा औंसाच्या काचेच्या बाटलीसाठी घडवलेलं. परत भरायची तसली बाटली अमेरिकेत शेवटची भरली गेली ती २०१२ साली, मिनेसोटातल्या विनोना गावात. वेगळ्या मापाची बाटली घालायची तर आत पट्ट्या लावून फट जुळवत बसायचं.

आणि मग नाणं! इथे खरा इतिहास आहे. कोक १८८६ पासून पाच सेंटला, म्हणजे एका निकेलला, आणि हा भाव १९५९ पर्यंत कुठे ना कुठे टिकला. मधे दोन महायुद्धं आणि महामंदी झाली तरी! याचं एक मोठं कारण म्हणजे ही मशीनच. ती एकच नाणं घेत. भाव सहा सेंट करावा तर सुट्टे कोण टाकणार? डाइम घ्यावा तर भाव एकदम दुप्पट. १९५३ साली कंपनीचे सर्वेसर्वा रॉबर्ट वुड्रफ यांनी चक्क राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरना साडेसात सेंटांचं नाणं काढायला सांगून पाहिलं. अर्थात जमलं नाही. काही ठिकाणी तर दर नऊ बाटल्यांत एक रिकामी ठेवायचे. ती ज्याच्या नशिबी येईल त्याने अजून एक निकेल टाकायचा. भाववाढीचा इतका बेशरम पॅच मी आजवर पाहिला नाही.

पण मशीनपुढे सरकारसुद्धा वाकलं बरं का. १९६५ साली डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढायची ठरली. खोटं नाणं ओळखायला मशीनमध्ये चुंबक असे. त्याच्याजवळून घरंगळताना नाण्यात एडी करंट तयार होतात, धातूप्रमाणे वेग बदलतो, आणि खोटं नाणं भलत्या वाटेने जातं. म्हणून तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे थर असं सँडविच निवडलं, जे मशीनला चांदीसारखंच 'वाटेल'. आपल्या भाषेत बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी.

निकेलला मात्र कुणी हातच लावला नाही. पंच्याहत्तर टक्के तांबं, पंचवीस टक्के निकेल, १८६६ पासून तेच (फक्त युद्धातली काही वर्षं सोडून). म्हणजे काल सुपरमार्केटात सुट्टे म्हणून मिळालेला निकेल या मशीनमध्ये आजही चालतो. सरकारी टांकसाळीत नवाकोरा बनणारा याचा हा एकमेव पार्ट!

सहकाऱ्याच्या मुलाचं म्हणणं, नाण्याची यंत्रणा काढून टाका, बटण बसवा, पाहुण्यांना बरं पडेल. यावरून दोघांचं चांगलंच वाजलं. मी म्हाताऱ्याच्या बाजूने. बटण बसवलं की ते लाल रंगाचं फ्रिज झालं, बाकी काय? पण मुलाकडेही मुद्दा आहे. एक निकेल पाडायला आता पाच सेंटांपेक्षा जास्त खर्च येतो, आणि एक सेंटचं नाणं चलनासाठी पाडणं २०२५ मध्ये बंद झालंय. त्यामुळे म्हाताऱ्याने बँकेतून निकेलचे रोल आणून शेल्फवर ठेवलेत, दाराच्या रबराच्या शेजारी.